एर्विन पिस्काटोर यांची कारकीर्द वर्गात कशी शिकवावी?

वैखरी

मी एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला पाश्चात्त्य रंगभूमीचा इतिहास शिकवते. विसाव्या शतकातील जर्मन रंगभूमीचा भाग आला की नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांच्यासाठी आठ-दहा तासिका सहज जातात. त्यांच्या आधी एर्विन पिस्काटोर यांचे नाव एका वाक्यापुरते येते: रंगमंचावर चित्रपट आणि यंत्रे आणणारे दिग्दर्शक, ज्यांच्याकडून ब्रेख्त यांनी बरेच काही घेतले. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘मॅडम, त्यांचे एखादे नाटक वाचायला मिळेल का?’’ ते नाटककार नव्हते, दिग्दर्शक होते, असे मी सांगितले. त्यावर तो म्हणाला, ‘‘मग ते मोठे होते हे आपल्याला कशावरून कळले?’’

हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. ब्रेख्त मराठी प्रेक्षकाला परके वाटत नाहीत, कारण चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ या रूपांतरांमधून ते आपल्या रंगभूमीवर आले. पहिल्या नाटकासाठी विजयाबाई मेहता यांच्याबरोबर वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेवित्झ मुंबईत काम करीत होते, हेही जाणकारांना ठाऊक आहे. पिस्काटोर यांचे असे काहीच आपल्याकडे आले नाही, कारण आणायला त्यांची संहिताच नव्हती.

मला ज्ञात असलेला आलेख असा: १९२७ साली स्वतःचे नाट्यगृह, १९२८ मध्ये दिवाळे, पुढच्याच वर्षी दुसरे अपयश, त्यानंतर मॉस्को, पॅरिस, न्यूयॉर्क, आणि उतारवयात पुन्हा बर्लिन. अशा मांडणीतून विद्यार्थ्यांच्या मनावर केवळ एका पराभूत माणसाचे चित्र उमटते. त्यांचे प्रयोग प्रत्यक्षात कसे दिसत, आणि १९६३ ते १९६५ या काळात त्यांनी केलेल्या प्रसिद्ध दस्तऐवजी नाटकांचा त्यांच्या तरुणपणीच्या कामाशी खरोखर धागा जुळतो का, याविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.


जुना प्रेक्षक

वैखरीताई, आपल्या विद्यार्थ्याला पडलेला प्रश्न एका वेगळ्या रूपात स्वतः पिस्काटोर यांनाही पडला होता, आणि तोही खंदकात. १९१५ साली त्यांना सैन्यात भरती करून फ्लँडर्सच्या आघाडीवर पाठवण्यात आले. त्याआधी ते म्युनिकला शिकत होते आणि तेथील दरबारी नाट्यगृहात उमेदवारी करीत होते. ईप्रजवळ तोफगोळे पडू लागले तेव्हा जमिनीत खड्डा करून आडोसा घेण्याचा हुकूम झाला. इतरांना ते जमले, पिस्काटोर यांना जमेना. वरचा हवालदार शिव्या देत रांगत आला आणि त्याने विचारले की तू धंदा तरी काय करतोस. त्यांनी उत्तर दिले, ‘‘नट आहे.’’ आपल्या आठवणींत त्यांनी लिहिले आहे की तो शब्द तोंडातून बाहेर पडताच त्यांना आपल्या व्यवसायाची जी लाज वाटली, ती भोवती फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या भीतीपेक्षा मोठी होती. समोर माणसे मरत असताना नट असण्याला काय अर्थ आहे, हा प्रश्न त्यांनी पुढची पन्नास वर्षे सोडला नाही. माझ्या मते त्यांची सारी कारकीर्द या एका प्रसंगातून उलगडता येते, आणि आपण वर्गात सुरुवात येथूनच करावी.

युद्धानंतर बर्लिनमध्ये १९२० साली त्यांनी ‘प्रोलेटारिशेस थिएटर’ म्हणजे श्रमिकांचे नाट्यगृह सुरू केले. नाट्यगृह म्हणायचे, पण इमारत कुठली? कामगार वस्त्यांतील सभागृहे आणि बिअरच्या गुत्त्यांमागची दालने हीच त्यांची रंगमंदिरे होती. तेथील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. नेपथ्याचा पडदा रंगवण्याचे काम चित्रकार जॉन हार्टफील्ड यांच्याकडे होते आणि नेहमीप्रमाणे त्यांना उशीर झाला. पहिला अंक निम्मा झाला असताना ते गुंडाळलेला पडदा काखेत मारून प्रेक्षागृहाच्या दारातून आत आले आणि ‘थांब, एर्विन, थांब!’ असे ओरडू लागले. पिस्काटोर स्वतः मंचावर भूमिका करीत होते. त्यांनी भूमिका सोडून प्रेक्षकांना विचारले की नाटक पुढे चालू ठेवायचे की आधी पडदा लावायचा. बहुसंख्यांनी पडदा लावण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा तो लावून नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. प्रेक्षकाला नाटक थांबवता येते, त्याच्या मताने ते पुन्हा सुरू होते, आणि त्यामुळे नाटकाचा रस कमी न होता उलट त्याचे लक्ष अधिक जागे राहते, ही गोष्ट पिस्काटोर त्या रात्री डोळ्यांनी पाहत होते. ‘एपिक’ रंगभूमीचा, म्हणजे प्रेक्षकाला गुंगवून न टाकता विचार करायला लावणाऱ्या रंगभूमीचा सिद्धांत पुढे अनेकांनी लिहिला. त्याचा अनुभव असा एका गर्दीने भरलेल्या सभागृहात आलेला होता.

१९२४ मध्ये त्यांना बर्लिनच्या फोल्क्सब्यूने या मोठ्या संस्थेत दिग्दर्शन करण्याची संधी मिळाली. ही संस्था लहान वर्गणी भरणाऱ्या हजारो सभासदांच्या बळावर उभी होती आणि तिचे स्वतःचे भव्य नाट्यगृह होते. तेथे त्यांनी आल्फोन्स पाकेट यांचे १८८६ च्या शिकागोतील कामगार आंदोलनावरचे ‘फानेन’ म्हणजे ‘निशाणे’ हे नाटक केले. पात्रांची छायाचित्रे आणि प्रसंगांचे मथळे त्यांनी पडद्यांवर प्रक्षेपित केले. नाटक चालू असतानाच त्याच्या बाहेरचा आवाज नाटकाविषयी बोलू लागला.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुलै १९२५ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनासाठी त्यांनी ‘ट्रोट्स आलेडेम’ म्हणजे ‘तरीसुद्धा’ हा प्रयोग बसवला. १९१४ च्या युद्धारंभापासून जानेवारी १९१९ मध्ये कार्ल लीबक्नेख्त आणि रोझा लक्झेम्बर्ग या कम्युनिस्ट नेत्यांच्या हत्येपर्यंतचा काळ त्यात होता. संहिता भाषणे, वृत्तपत्रांतील कात्रणे, पत्रके आणि छायाचित्रे यांची बनलेली होती, आणि युद्धाची खरी चित्रफीत सरकारी संग्रहातून मिळवली होती. मंचावर संसदेत युद्धकर्जाला मंजुरी दिली जात आहे आणि पाठोपाठ पडद्यावर खरी प्रेते दिसत आहेत, असा तो जोड होता. प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्याच खंदकांतून परत आलेले होते, त्यामुळे त्यांना मंचावरची घटना ‘दाखवली’ जात नव्हती, ती त्यांची स्वतःचीच होती. हा प्रयोग फक्त दोनदा झाला. केवळ दोन प्रयोगांनी रंगभूमीच्या इतिहासाला वळण दिल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.


विंगेतला

मी अभ्यासक नाही. तीस वर्षे व्यावसायिक नाटकांचे नेपथ्य आणि प्रकाशयोजना मंचावर उभी करण्याचे काम केले आहे, त्यामुळे मी फक्त यंत्रांविषयी लिहितो. वर ज्यांनी लिहिले आहे त्यांनी विचार सांगितला आहे, परंतु तो विचार उभा करण्यासाठी पडद्यामागे काय करावे लागले असेल याचीही वर्गात चर्चा व्हावी.

सप्टेंबर १९२७ मध्ये नोलेनडोर्फप्लात्स येथील नाट्यगृहात पिस्काटोर यांनी स्वतःची ‘पिस्काटोरब्यूने’ सुरू केली, ती एर्न्स्ट टोलर यांच्या ‘होपला, वीर लेबेन’ या नाटकाने. एक क्रांतिकारक १९१९ मध्ये फाशीच्या छायेत वेडा होतो, आठ वर्षे वेड्यांच्या इस्पितळात काढतो आणि १९२७ मध्ये बाहेर येतो, तेव्हा त्याचा जुना साथी मंत्री झालेला असतो. नेपथ्यकार त्राउगोट म्युलर यांनी त्यासाठी लोखंडी नळ्यांचा बहुमजली सांगाडा उभा केला. त्यात वर-खाली, डावी-उजवीकडे खोल्या होत्या, म्हणजे एकाच वेळी तुरुंगाच्या कोठड्या किंवा एका मोठ्या हॉटेलच्या खोल्या दाखवता येत. ज्या खोलीत प्रसंग चालू असेल तेथे प्रकाश आणि बाकी अंधार. मागे पडदा, पुढे पारदर्शक जाळीचा कपडा, आणि दोन्हींवर प्रक्षेपण. नायकाची इस्पितळातील आठ वर्षे त्यांनी चित्रफितीतून काही मिनिटांत सरकवली. नट अंधारात थांबतो आणि काळ त्याच्या अंगावरून जातो. आज संगणकाच्या एका कळीवर हे करता येते. तेव्हा मागच्या आणि पुढच्या पडद्यांवर चाललेली चित्रफीत आणि नटाचे वाक्य यांचा मेळ हातांनी आणि कानांनी घालावा लागे. मंचावरच्या माणसाला चित्रफितीसाठी थांबता येते, चित्रफीत मात्र माणसासाठी थांबत नाही, हे ज्याने एकदा भोगले आहे त्यालाच कळेल.

नोव्हेंबरमध्ये रशियाच्या झारच्या दरबारातील साधू रासपुतिनवरचे ‘रासपुतिन’ झाले. त्यात रंगमंचावर अर्धगोल होता, पृथ्वीच्या गोलाच्या अर्ध्या भागासारखा, आणि त्याचे निरनिराळे भाग उघडून आत प्रसंग होत. बाजूला एका उभ्या पट्टीवर घटनांची दिनदर्शिका सरकत असे. झारच्या महालात काय चालले आहे आणि त्याच दिवशी आघाडीवर काय घडले, हे प्रेक्षकाला एकाच दृष्टिक्षेपात वाचता येत असे.

त्यापुढचे काम मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. जानेवारी १९२८ मध्ये त्यांनी यारोस्लाव हाशेक यांच्या कादंबरीवरून ‘श्वेक’ केले. श्वेक हा सैनिक आपल्या पलटणीकडे पोहोचण्यासाठी चालतच राहतो आणि कुठेही पोहोचत नाही. कादंबरीतले हे चालणे मंचावर कसे आणायचे? चार पावले टाकली की विंग येते. पिस्काटोर यांनी मंचाच्या रुंदीत दोन सरकते पट्टे बसवले. श्वेकची भूमिका करणारे माक्स पालेनबेर्ग एका पट्ट्यावर पट्ट्याच्या उलट दिशेने चालत, त्यामुळे ते प्रेक्षकांच्या समोर जागच्या जागी राहत, आणि दुसऱ्या पट्ट्यावरून मैलाचे दगड, झाडे, खानावळ, कापून उभ्या केलेल्या आकृत्या त्यांच्या शेजारून निघून जात. मागच्या पडद्यावर गेओर्ग ग्रोस यांची व्यंगचित्रे हलत असत. त्यासाठी ग्रोस यांनी शेकडो रेखाटने केली होती, आणि त्यांतील काही छापून प्रसिद्ध झाल्यावर, तोंडावर गॅसचा मुखवटा असलेल्या क्रुसावरील ख्रिस्ताच्या चित्रामुळे, त्यांच्यावर ईश्वरनिंदेचा खटला भरण्यात आला.

आपल्याकडे १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ मध्ये फिरता रंगमंच आला तेव्हा प्रेक्षकांना त्याचे केवढे अप्रूप वाटले होते हे जुन्या मंडळींकडून मी ऐकले आहे. फिरत्या मंचामुळे स्थळ पटकन बदलते. सरकत्या पट्ट्याचे काम वेगळे आहे. त्याने स्थळ बदलत नाही, तर ‘चालणे’ हीच मुख्य घटना होते, आणि माणूस कितीही चालला तरी युद्ध त्याला जागचे हलू देत नाही ही गोष्ट एक शब्द न बोलता दिसते. या पट्ट्यांचा आवाज मात्र भयंकर होत असे आणि तालमींत नटांना अक्षरशः ओरडावे लागे. वंगण घालून, दुरुस्त्या करून तो थोडा कमी झाला, पूर्ण कधीच गेला नाही. यंत्र नवे असते तेव्हा त्याचा पहिला भार नटाच्या गळ्यावर येतो, हे मी अनेक नाटकांत पाहिले आहे.

दिवाळ्याविषयी एवढेच म्हणतो की असे नेपथ्य उतरवून दुसरे चढवायला लागणारी माणसे, तास आणि पैसा यांचा हिशेब कोणत्याही खाजगी नाट्यगृहाला झेपला नसता. आपल्याकडे एका सत्रात ट्रकमधून सामान उतरवून, सेट लावून, प्रयोग करून पुन्हा भरायचे असते. पिस्काटोर यांचा एकही सेट अशा रीतीने दुसऱ्या गावाला नेता आला नसता. वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियस यांनी त्यांच्यासाठी ‘टोटल थिएटर’ची योजना काढली होती, ज्यात प्रेक्षकांसह मंचाचा भाग फिरून मधोमध येणार होता आणि चहूबाजूंच्या भिंतींवर प्रक्षेपण होणार होते. ती इमारत कधीच बांधली गेली नाही. त्यांना हवे असलेले नाट्यगृह त्यांना आयुष्यभर मिळाले नाही, आणि दुसऱ्यांच्या जुन्या नाट्यगृहांत त्यांनी ते पुनःपुन्हा उभारून पाहिले, असे मी समजतो.


मसुदा

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु पिस्काटोर यांच्याविषयी लिहिताना एक गंभीर आक्षेप बाजूला राहतो असे मला वाटते, आणि मी नाट्यलेखन करीत असल्यामुळे तो मांडणे मला आवश्यक वाटते. त्यांच्या हाती गेलेले नाटक नाटककाराचे राहत असे का?

टोलर यांचेच उदाहरण घ्या. ‘होपला’चा शेवट कसा असावा याविषयी त्यांचा आणि दिग्दर्शकाचा मतभेद होता. नायकाने गळफास घेण्याचा शेवट मंचावर आला, आणि आपल्या मूळ रचनेला मुरड घातल्याची खंत टोलर यांनी पुढे व्यक्त केली. शिलर यांचे ‘दरोडेखोर’ हे अभिजात नाटक पिस्काटोर यांनी १९२६ मध्ये बर्लिनच्या सरकारी नाट्यगृहात केले तेव्हा श्पीगेलबेर्ग या दुय्यम पात्राला रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीचा चेहरा देऊन त्यालाच खरा क्रांतिकारक ठरवले, आणि नायकाचे बंड वैयक्तिक रागातून आलेले म्हणून हलके केले. पुढच्या वर्षी फोल्क्सब्यूनेत एम वेल्क यांच्या मध्ययुगीन चाच्यांवरच्या नाटकाला त्यांनी समकालीन क्रांतीची चित्रफीत जोडली. संस्थेच्या कार्यकारिणीने ती कापली, मोठा वाद झाला आणि पिस्काटोर तेथून बाहेर पडले. कलावंताच्या स्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून तो वाद सांगितला जातो, आणि तो तसा होताही. परंतु ज्याने ते नाटक लिहिले त्याच्या स्वातंत्र्याचे काय, हे सहसा कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. पिस्काटोरब्यूनेला भांडवल मिळाले ते लुडविग काट्सेनएलेनबोगेन या मद्यनिर्मितीच्या धंद्यातील बड्या उद्योगपतीकडून, आणि ते मिळवून देण्यात अभिनेत्री टिला दुरियो यांचा पुढाकार होता. श्रमिकांसाठी काढलेल्या नाट्यगृहात महागड्या खुर्च्यांवर बर्लिनच्या पश्चिमेकडील श्रीमंत मंडळी बसू लागली. स्वस्त तिकिटांवर येणारा कामगार प्रेक्षक होता, पण त्याच्या पैशांतून यंत्रांचा खर्च निघणे अशक्य होते. विंगेतला यांनी जे झेपले नाही म्हटले आहे त्याची ही दुसरी बाजू आहे. जितके यंत्र मोठे, तितका ज्याच्यासाठी ते उभारले तो प्रेक्षक दूर गेला.

मी त्यांचा अनादर करीत नाही. परंतु विद्यार्थ्यांना हा ताण दाखवल्याशिवाय १९२८ चे दिवाळे म्हणजे केवळ दुर्दैव वाटेल.


जुना प्रेक्षक

मसुदा यांचा आक्षेप मी मान्य करतो, पण अर्धाच. पिस्काटोर यांनी आपल्याभोवती लेखकांचा एक गट जमवला होता. फेलिक्स गासबारा आणि लेओ लानिया हे त्याच्या मध्यभागी होते, ब्रेख्त त्यात होते, डोब्लिन यांच्यासारखे कादंबरीकारही त्याच्याशी जोडलेले होते. ‘श्वेक’चे जे रूपांतर आधी तयार होते ते कादंबरीला नेहमीच्या विनोदी नाटकाच्या चौकटीत बसवणारे होते. या गटाने ते बाजूला ठेवून मूळ कादंबरीची सुटी सुटी प्रकरणे मंचावर आणली. येथे दिग्दर्शकाने लेखकाला मोडले नाही, उलट हाशेक यांना त्यांच्या रूपांतरकारांपासून वाचवले. एकट्याने बसून लिहिलेली संहिता हाच नाटकाचा आरंभ असतो हे गृहीतक त्यांना मान्य नव्हते, एवढे मात्र खरे.

‘रासपुतिन’च्या वेळची एक घटना येथे सांगतो, कारण दस्तऐवज आणि रंगमंच यांचे नाते तिच्यातून स्वच्छ दिसते. त्या नाटकात तीन सम्राटांचा एक प्रसंग होता. त्यांपैकी पदच्युत जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म तेव्हा हॉलंडमध्ये जिवंत होता. आपले पात्र दाखवल्याबद्दल त्याने न्यायालयात धाव घेतली आणि मनाईहुकूम मिळवला. पिस्काटोर यांनी पात्र काढले आणि त्याच्या जागी लेओ लानिया मंचावर येऊन न्यायालयाचा आदेश वाचून दाखवू लागले. नटाचा प्रवेश बंद झाला तेव्हा कागदाने प्रवेश केला. मला वाटते, पस्तीस वर्षांनंतरच्या नाटकांचे बीज शोधायचे तर ते येथे आहे.


श्प्रेकाठ

मी गेली अकरा वर्षे बर्लिनमध्ये राहतो. या चर्चेमुळे रविवारी मुद्दाम नोलेनडोर्फप्लात्सला जाऊन आलो. उन्नत रेल्वेच्या स्थानकासमोर ती १९०६ साली बांधलेली इमारत अजून उभी आहे. दर्शनी भागावर दगडात कोरलेल्या आकृत्या आहेत आणि आत आता संगीताचे कार्यक्रम होतात. वर गाडी आली की खाली चौकात सगळे हादरते. मी पायऱ्यांपाशी बराच वेळ उभा होतो. विंगेतला यांनी लिहिलेल्या त्या दोन पट्ट्यांचा आवाज येथे, या भिंतींच्या आत होत होता, हे मनात आल्यावर मला ती इमारत वेगळीच दिसू लागली.

मधल्या वर्षांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. १९२९ मध्ये त्यांनी त्याच नाट्यगृहात वाल्टर मेहरिंग यांचे महागाईच्या काळावरचे ‘बर्लिनचा व्यापारी’ केले. त्याचे नेपथ्य लास्लो मोहोली-नागी यांचे होते. शेवटी रस्ता झाडणारे लोक निरुपयोगी नोटा, शिरस्त्राण आणि सैनिकाचे प्रेत हे सारे एकाच कचऱ्यासारखे झाडून टाकतात, या प्रसंगावरून उजव्या वृत्तपत्रांनी रान उठवले. तो प्रयोग बुडाला आणि नाट्यगृहही गेले. त्याच वर्षी त्यांचे ‘राजकीय रंगभूमी’ हे पुस्तक निघाले. १९३१ मध्ये ते चित्रपटासाठी सोव्हिएत संघात गेले, आणि १९३३ नंतर जर्मनीत परतण्याचा मार्गच राहिला नाही. १९३६ मध्ये कामानिमित्त पॅरिसला आले असताना मॉस्कोतील मित्रांकडून इशारा आला की परत येऊ नये. तो त्यांनी ऐकला म्हणून ते वाचले. त्यांच्या ओळखीच्या वर्तुळातील अभिनेत्री कारोला नेहेर यांना त्याच वर्षी तेथे अटक झाली आणि त्या कैदेतच वारल्या. रशियन दिग्दर्शक मेयरहोल्ड यांना १९४० मध्ये गोळी घालण्यात आली.

१९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि पुढच्या वर्षी ‘न्यू स्कूल’ या शिक्षणसंस्थेत त्यांनी ‘ड्रामॅटिक वर्कशॉप’ ही नाट्यशाळा सुरू केली. स्टेला अॅडलर तेथे शिकवीत होत्या. मार्लन ब्रँडो, हॅरी बेलाफोन्टे, वॉल्टर मॅथाउ तेथून गेले, आणि पुढे ‘लिव्हिंग थिएटर’ काढणाऱ्या ज्यूडिथ मलिना यांनी तर त्यांच्या वर्गातील रोजच्या नोंदी जपून ठेवल्या. वैखरीताई, आपल्या विद्यार्थ्याला सांगावे की जे नाटक वाचायला मिळत नाही ते असे शिष्यांच्या वह्यांतूनही टिकते. १९५१ मध्ये अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीचे बोलावणे आल्यावर ते पश्चिम जर्मनीत परतले आणि जवळजवळ अकरा वर्षे गावोगावच्या नाट्यगृहांत पाहुणे दिग्दर्शक म्हणून हिंडले. वयाच्या साठीत, ज्या माणसाने बर्लिन हादरवले होते त्याला दर वेळी नव्या गावात नव्या नटांसमोर पहिल्यापासून स्वतःची ओळख करून द्यावी लागत होती. त्यांच्या आयुष्यातील हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो.

१९६२ मध्ये पश्चिम बर्लिनच्या फ्राये फोल्क्सब्यूनेची सूत्रे त्यांच्या हाती आली. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांनी रोल्फ होखहूट या अपरिचित तरुण लेखकाचे ‘देर श्टेलफरट्रेटर’ म्हणजे ‘प्रतिनिधी’ हे पहिलेच नाटक मंचावर आणले. ज्यूंच्या संहारासमोर पोप बारावे पायस गप्प का राहिले, असा त्याचा प्रश्न होता. पूर्ण संहिता एका संध्याकाळी मावण्यासारखी नव्हती, पिस्काटोर यांनी ती मोठ्या प्रमाणावर कापली, आणि जगभर वादळ उठले. ऑक्टोबर १९६४ मध्ये हायनर किपहार्ट यांचे अणुशास्त्रज्ञ ओपनहायमर यांच्यावरील नाटक आले. ते अमेरिकन अणुऊर्जा आयोगापुढे १९५४ मध्ये झालेल्या सुनावणीच्या सुमारे तीन हजार पानांच्या इतिवृत्तावरून रचले होते. १९ ऑक्टोबर १९६५ रोजी पेटर वाइस यांचे ‘दी एरमिटलुंग’ म्हणजे ‘तपास’ आले. फ्रँकफुर्टला आउश्वित्झ या नाझी छळछावणीच्या पहारेकऱ्यांवर आणि अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्याचा निकाल त्याच ऑगस्टमध्ये लागला होता, आणि नाटकातील साक्षी त्या खटल्यातील साक्षींवरून घेतल्या होत्या. त्या एकाच रात्री पूर्व आणि पश्चिम जर्मनीतील अनेक नाट्यगृहांतून ते सादर झाले. पिस्काटोर यांच्या प्रयोगाला लुइजी नोनो यांचे संगीत होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. या शेवटच्या प्रयोगाच्या वर्णनांत सरकते पट्टे नाहीत, अर्धगोल नाही, प्रेतांची चित्रफीत नाही. आरोपी आहेत, साक्षीदार आहेत, आणि साक्षीदारांना नावेसुद्धा नाहीत. १९२५ मध्ये ज्याने प्रेते दाखवण्यासाठी पडदा मागितला होता त्याने १९६५ मध्ये काहीही दाखवले नाही, फक्त ऐकवले. मसुदा यांना मी विचारू इच्छितो की हा तोच दिग्दर्शक नाही काय? कागद आणि पुरावा मंचावर ठेवायचा हे पहिल्यापासून तेच होते. यंत्र त्यासाठी लागले तेव्हा त्यांनी ते आणले, आणि जेथे साक्ष स्वतःच इतकी जड होती की तिला आधार नको होता, तेथे ते बाजूला केले.

पिस्काटोर ३० मार्च १९६६ रोजी बवेरियातील श्टार्नबेर्ग येथे वारले. फ्राये फोल्क्सब्यूनेची शापेरश्ट्रासेवरील काचेची इमारत आजही नाटकांसाठी वापरली जाते. आत जाताना प्रेक्षकांना बाहेरची झाडे दिसत राहतात.


मसुदा

श्प्रेकाठ यांचे म्हणणे मी विचारात घेतले. होखहूट, किपहार्ट आणि वाइस या तिघांचीही नावे नाटककार म्हणून टिकली, आणि त्यांना मंच देणारा दिग्दर्शक तोच होता, ही गोष्ट माझ्या आक्षेपाच्या विरोधात जाते हे मला मान्य करावे लागेल. टोलर यांच्या बाबतीतील माझे मत मात्र बदललेले नाही.


वैखरी

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या जिव्हाळ्याने आणि नेमकेपणाने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते.

मी हा भाग आता उलट क्रमाने शिकवणार आहे. पहिल्या तासिकेत ‘तपास’मधील एका साक्षीचे वाचन, तेही कोणत्याही अभिनयाशिवाय, आणि त्यानंतर खंदकातील प्रसंग. मसुदा यांनी मांडलेला टोलर यांचा मतभेद दुसऱ्या तासिकेत वादासाठी ठेवीन, आणि त्यात दोन्ही बाजू विद्यार्थ्यांनीच मांडाव्यात असा विचार आहे. ज्याने प्रश्न विचारला होता त्याला मी हा धागा वाचायला दिला. त्याने विचारले की वर्गातल्या छोट्या मंचावर ‘होपला’तील आठ वर्षांचा प्रसंग करून पाहता येईल का. विंगेतला यांना विनंती आहे की त्यांनी मार्गदर्शन करावे. आमच्याकडे एक प्रक्षेपक आहे आणि मागची भिंत पांढरी आहे.


विंगेतला

जरूर करता येईल, आणि आपण बोलावल्यास मी येईन. भिंत पांढरी असेल तर तिच्यापुढे काळा पडदा सोडा, नाहीतर नटावरचा सगळा प्रकाश भिंतीवर सांडेल. पुढे जाळीचा पातळ कपडा लागेल. तो मंचाच्या पूर्ण रुंदीचा एकसंध घ्या, कारण मध्ये शिवण आली तर ती प्रक्षेपणात रेघेसारखी दिसते. प्रक्षेपक समोरून सरळ न लावता थोडा उंचावर आणि बाजूला लावा, म्हणजे जाळीतून आरपार जाणारे चित्र नटाच्या तोंडावर पडणार नाही. नटाला मात्र आधीच सांगून ठेवा की चित्रफीत चालू असताना त्याने काहीही करायचे नाही. पहिल्या तालमीत त्याला ते जमणार नाही, म्हणून त्या दिवशी चित्रफीत न लावता, हातात घड्याळ धरून त्याला नुसते बसवून पाहा.